पाहुण्याचे चित्र, यजमानाचा पडदा

गेल्या वैशाखातली गोष्ट. बुलढाणा हे आमच्या जिल्ह्याचे ठिकाण घाटावर वसलेले असल्यामुळे घाटाखालच्या मलकापूर-शेगावच्या मंडळींना तिथे थोडे थंड वाटते म्हणतात. आम्ही मेहकरकडची, म्हणजे मुळातच घाटावरची माणसे. आम्हाला काही ते थंड वाटले नाही. शिवाय ज्या कामाला आम्ही गेलो होतो, त्या कामाने अंगाला घाम फुटायचाच होता. गावाबाहेरचे जुने तळे गाळाने भरून आले आहे. मृगाच्या आधी त्यातला गाळ काढण्याचे काम यंदाच्या यादीत बसवून घ्यायचे, एवढेच मागणे. यादी त्या दिवशी दुपारी पक्की व्हायची होती. आमच्या वाट्याला पंधरा मिनिटे आली होती. आज जमले नाही, तर पुढल्या वर्षी. आणि पुढल्या वर्षी म्हणजे आणखी एका पावसाचे पाणी उभ्या उभ्या पैनगंगेला वाहून जाणार.

तळे उथळ का झाले, याचे कारण आमच्या पुतण्याने शोधून काढले होते. हा मुलगा पुण्याला नोकरी करतो. आमच्या घरच्या पेटीत सर्व्हेच्या काळातला गावाचा कापडी नकाशा होता. वऱ्हाडची जमीन मोजण्याचे काम इंग्रजांनी १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने सुरू केले. त्या पिढीपासून असे नकाशे पाटील-पटवाऱ्यांच्या घरांतून घडी घालून ठेवलेले असत. पुतण्याने त्याचे छायाचित्र काढले, उपग्रहातून घेतलेल्या चित्रावर ते नेमके बसवले, आणि जुन्या नकाशातला एक पाट आजच्या चित्रात बुजलेला असल्याचे दाखवले. हा पाट टेकडीचे पाणी वळसा घालून, गाळ वाटेत टाकून तळ्यात आणीत असे. तो बुजल्यापासून टेकडीची मातीच सरळ तळ्यात उतरते आहे. नुसता गाळ काढून भागणार नाही, पाटही मोकळा केला पाहिजे, हे सांगायला शंभर शब्द लागले असते आणि तरी कोणाला पटले नसते. चित्र पाहिले की दोन पळांत पटत होते.

ते चित्र पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये होते. कचेरीच्या भिंतीवर चांगला चार हात रुंदीचा दूरदर्शनसारखा पडदा लावलेला होता. दोघांमध्ये तीन पावलांचे अंतर होते. आणि ते तीन पावलांचे अंतर पहिल्या सात मिनिटांत तुटले नाही. पुतण्याने तार लावली, काढली, फुंकर घातली, पुन्हा लावली. पडद्यावर इंग्रजीत एवढेच उमटे की खूण मिळत नाही. साहेब सज्जन होते. ते घड्याळाकडे पाहत नव्हते, पण घड्याळ त्यांच्याकडे पाहत होते. “काका, घरी चालत होतं हो,” पुतण्या मला हळूच म्हणाला. घरी चालत होते, हे वाक्य आता या देशातल्या प्रत्येक कचेरीत रोज कोणीतरी म्हणत असेल.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. अडचण आली की ती पहिल्यांदा कोणाला आली असेल, असा विचार मनात येतो. हा धंद्याचा दोष आहे. त्या सात मिनिटांत तो आला आणि पुढे कित्येक दिवस पाठ सोडीना. आपले चित्र घेऊन दुसऱ्याच्या दारी जायचे आणि ते त्याच्या घरच्या मंडळींना दिसेल असे करायचे, हा उद्योग लॅपटॉपच्या फार आधीचा आहे.

* * *

आपल्याकडे तो चित्रकथ्यांनी केला. दक्षिण कोकणातल्या पिंगुळीची ठाकर मंडळी आणि पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रे ही त्या परंपरेची प्रसिद्ध उदाहरणे. चित्रकथी गावात येई तो रामायण-महाभारताच्या चित्रांची चळत घेऊन. एकेक चित्र समोर धरायचे, गाऊन त्याची कथा सांगायची, मग पुढले चित्र. चित्र त्याचे, वाणी त्याची, वाद्यही त्याचे. यजमानाने द्यायचा तो ओटा आणि ऐकायला माणसे. या व्यवस्थेत बिघडण्यासारखे काहीच नव्हते. उणीव एकच: हातभर चित्र दहा-वीस माणसांपलीकडे दिसत नाही.

ती उणीव दिव्याने भरून काढली. हॉलंडमधल्या ख्रिस्तियान हॉयगेन्स या शास्त्रज्ञाने १६५९ च्या सुमारास काचेवर काढलेले चित्र दिव्याच्या उजेडाने आणि भिंगाच्या साह्याने भिंतीवर मोठे करून पाडण्याची युक्ती केली. हाच पुढे मॅजिक लँटर्न म्हणून जगभर फिरला. आपल्या मुलुखात त्याला खऱ्या अर्थाने आपला करून घेतला तो कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी. काचांवर हाताने चित्रे रंगवून, एकाहून अधिक दिव्यांच्या साह्याने ती हलती-बोलती वाटतील अशा रीतीने पडद्यावर पाडून, १८९२ पासून पटवर्धन आणि त्यांचे पुत्र आपले खेळ करू लागले. नाव ठेवले ‘शांबरिक खरोलिका’. शंबरासुराची माया ती शांबरी, तिचा कंदील. हे नाव उच्चारताना आजचा मुलगा अडखळेल, पण ‘प्रोजेक्टर’पेक्षा त्यात रस अधिक आहे, असे माझे मत आहे.

हे लक्षात घ्या की पटवर्धन खेळाला जात तेव्हा दिवे, काचा, पडदा, गाणारे-सांगणारे, सगळा सरंजाम बरोबर नेत. चित्रकथ्याचेच तत्त्व, फक्त बारदाना मोठा. यजमानाकडून काळोख तेवढा घ्यायचा.

मग ७ जुलै १८९६ चा दिवस उजाडला. मुंबईच्या काळ्या घोड्याजवळ वॉटसनचे हॉटेल होते. तिथे ल्युमिएर बंधूंच्या मारियुस सेस्तिए या माणसाने हिंदुस्थानातला पहिला चलच्चित्रांचा खेळ केला. सेस्तिए हा खरोखरीचा पाहुणा. तो निघाला होता ऑस्ट्रेलियाला. वाटेत मुंबईला उतरला आणि एक रुपया दराने खेळ करून गेला. त्यानेही आपले यंत्र आपणच आणले होते, आणि त्याला ते आणावेच लागले असते. कारण ल्युमिएरच्या फितीला प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना एकेक गोल भोक असे, आणि अमेरिकेतल्या एडिसनच्या फितीला प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार चौकोनी. फितीची रुंदी जवळजवळ तीच, चित्रही तेवढेच. पण याची फीत त्याच्या दात्यांत बसत नसे. पाहुण्याने नुसती फीत आणली असती आणि यजमानाजवळ दुसऱ्याचे यंत्र असते, तर १८९६ साली वॉटसनच्या हॉटेलातही ‘घरी चालत होतं’ हे वाक्य फ्रेंचमध्ये ऐकू आले असते.

हा तंटा मिटला १९०९ साली. त्या वर्षी पॅरिसला चित्रपट करणाऱ्यांची परिषद भरली आणि पस्तीस मिलिमीटर रुंदीची, एडिसनच्या भोकांची फीत सर्वांनी मान्य केली. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया आणि तह येतात; हा तह कुठे येत नाही. परंतु त्याची फळे बुलढाणा जिल्ह्यापर्यंत पोहोचली. कोल्हापुरास १९२९ साली निघालेली आणि पुढे पुण्यास गेलेली प्रभात कंपनी घ्या. तिचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. तो कोणत्या यंत्रावर दाखवला जाईल, याची काळजी दामले-फत्तेलालांना करावी लागली नाही. फीत डब्यात घालून रेल्वेने पाठवायची. जिथे यंत्र असेल तिथे ती चालायची. यंत्र जर्मन असो, अमेरिकन असो की मुंबईत दुरुस्त होऊन होऊन मूळचे काहीच न उरलेले असो, भोके तीच.

या एका गोष्टीवर जत्रांतला तंबूचा सिनेमा उभा राहिला. ज्यांनी लहानपणी जत्रेत सिनेमा पाहिला त्यांना तो सांगायला नको: मोटारलॉरीच्या पाठीत बसवलेले यंत्र, दोन बांबूंना ताणलेला पांढरा पडदा, पुढे जमिनीवर आम्ही, आणि पडद्याच्या पलीकडच्या बाजूलाही बसलेले काही चतुर लोक, ज्यांना नायक डावखुरा दिसे. वारा सुटला की पडदा फुगे आणि नायिका गरोदर असल्यासारखी वाटे. बायका पदर तोंडाला लावून हसत. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंच्या शेवटच्या दिवसांवर २०१६ साली ‘सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट निघाला. त्यात फितीची यंत्रे जाऊन संगणकाची यंत्रे येताना दिसतात. तो पाहताना माझ्या डोळ्यांसमोर आमची जत्राच होती.

सरकारनेही हाच मार्ग धरला. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. पंचवार्षिक योजनेची माहिती खेड्यांतून सांगण्यासाठी १९५३ साली वेगळे खाते निघाले, त्याचे पुढे क्षेत्रीय प्रचार संचालनालय झाले. त्यांच्या गाड्या सोळा मिलिमीटरचे यंत्र आणि विजेचे जनित्र घेऊन हिंडत. सोळा मिलिमीटरची फीत कोडॅकने १९२३ साली काढली, ती न पेटणारी होती म्हणून खेड्यातल्या चावडीसमोर चालवायला निर्धोक. धरण कसे बांधतात, विहिरीत औषध कसे टाकावे, हे मी प्रथम अशाच पडद्यावर पाहिले. जनित्राची घरघर इतकी की निवेदकाचे हिंदी अर्धेच ऐकू येई, आणि उरलेले अर्धे आम्हाला समजत नसे. तरी चित्र पाहून विहिरीत औषध पडले.

* * *

इथे जरा आडवळणाने जातो. आमच्या जिल्ह्यात खामगाव ही कापसाची मोठी पेठ. पण मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे टाकली गेली ती मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी. खामगाव बाजूला राहिले. कापूस तर खामगावला. म्हणून जलंबहून खामगावपर्यंत फाटा काढण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला. मुख्य मार्ग आणि फाटा यांचे रूळ एकाच रुंदीचे, त्यामुळे खामगावला भरलेली वाघीण जलंबला उघडावी लागत नसे. उलट शेजारच्या मूर्तिजापूरला पाहा. यवतमाळहून येणारी ‘शकुंतला’ ही अडीच फुटी रुळांची. मोठा मार्ग साडेपाच फुटांचा. दोन्ही गाड्या एकाच स्टेशनात उभ्या राहत, पण कापसाचा प्रत्येक गठ्ठा हमालाने एकीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. शकुंतला आता बंद आहे. दोन रुळांमधला तो हमाल मात्र नाहीसा झालेला नाही. तो आज पुतण्याच्या पिशवीत असतो. अंगठ्याएवढा, पांढरा, एका टोकाला चपटे तोंड आणि दुसऱ्या टोकाला रुंद. त्याला ही मुले ‘ॲडॉप्टर’ किंवा नुसते ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. तो घरी विसरला की गठ्ठे स्टेशनातच पडून राहतात.

हा हमाल का लागतो, हे सांगायचे तर संगणकाकडे यावे लागते.

कचेऱ्यांतून आणि महाविद्यालयांतून १९६० च्या दशकापासून पारदर्शक कागदांचे प्रोजेक्टर आणि छायाचित्रांच्या पट्ट्यांचे प्रोजेक्टर येऊ लागले. कोडॅकचे गोल तबकडीचे यंत्र १९६१ चे. वक्त्याने कागद किंवा छोट्या चौकटी खिशात घालून यायचे, यंत्र यजमानाचे. फार तर एखादी चौकट उलटी लागायची आणि ताजमहाल डोक्यावर उभा राहायचा. हशा पिके, चौकट सरळ होई, व्याख्यान पुढे चाले. १९८७ साली ‘पॉवरपॉइंट’ निघाले तेही मूळ या कागदांसाठीच: संगणकावर मजकूर मांडायचा, पारदर्शक कागदावर छापून घ्यायचा आणि कागद घेऊन सभेला जायचे. संगणक घरीच.

संगणक सभेला घेऊन जाण्याचा पहिला मान ज्यांना देतात त्यांत रॉबर्ट गॅस्किन्स यांचे नाव घ्यावे लागेल. पॉवरपॉइंटची कल्पना त्यांचीच. १९९२ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या हॉटेल रेजिनामध्ये मायक्रोसॉफ्टच्या मंडळींसमोर ते लॅपटॉप घेऊन उभे राहिले, त्याला तार जोडली, आणि लॅपटॉपवरचे रंगीत चित्र मोठ्या प्रोजेक्टरवरून पडद्यावर आले. कागद नाही, चौकट नाही. श्रोत्यांच्या ताबडतोब ध्यानात आले की हे काहीतरी निराळे आहे. पुन्हा पॅरिस, पुन्हा हॉटेल आणि पुन्हा पाहुणा; योगायोग म्हणून सोडून देतो. पण पाहुण्याने आपले चित्र आपल्या यंत्रात घेऊन यायचे आणि यजमानाने पडदा द्यायचा, ही आजची रीत तिथून रुळली.

जोडणारी जी तार होती तिचे नाव व्हीजीए. आयबीएम कंपनीने ती १९८७ साली काढली. पाच-पाच काड्यांच्या तीन ओळी, एकूण पंधरा, दोन्ही बाजूंना घट्ट करायला दोन मळसूत्रे. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांना पहिल्या तीन काड्या. ओळ कधी सुरू करायची आणि पान कधी उलटायचे याच्या खुणेला आणखी दोन. नववी काडी पुष्कळ तारांत मुळातच नसते. ती तुटली असे समजून कित्येकांनी चांगल्या तारा टाकून दिल्या आहेत, मीही एक. चित्राची रुंदी-उंची मूळची चारास तीन, आणि ती पार एडिसनच्या कारखान्यातल्या फितीपासून चालत आलेली. फितीवरून दूरदर्शनवर, दूरदर्शनवरून संगणकावर. एकोणिसाव्या शतकातल्या चार भोकांनी आमच्या कचेरीतल्या भिंतीची चौकट ठरवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

व्हीजीएची आणखी एक गंमत १९९४ साली झाली. तोवर संगणकाला पलीकडे काय जोडले आहे हे कळत नसे. तो आपला आंधळेपणाने चित्र पाठवी. पडदे करणाऱ्या कंपन्यांच्या मंडळाने असे ठरवले की तार जोडताच पडद्याने आपली कुंडली सांगावी: मी अमक्या कंपनीचा, इतका रुंद, इतका उंच, मला इतकी बारीक रेघ दाखवता येते. अवघी १२८ अक्षरांची कुंडली, पण ती जुळल्यावाचून पुढली बोलणी होत नाहीत. ती बाराव्या आणि पंधराव्या काडीवरून येते. यांतली एखादी वाकली की पडदा मुका होतो आणि लॅपटॉप त्याला ओळखत नाही. दोन्ही धडधाकट, भांडण कसलेच नाही, नुसती ओळख झालेली नसते. लग्नघरात असे व्याही आपण पाहिलेले आहेत.

एवढ्यावर जग थांबते तर एक तार पुरली असती. १९०९ सारखा तह झाला असता आणि पुढली शंभर वर्षे निभावली असती. पण झाले उलटे. २००२ च्या अखेरीस एकोणीस काड्यांची एचडीएमआय आली. ती मुळात घरच्या दूरदर्शनसाठी, आवाजही तिच्यातूनच जाई. २००६ साली डिस्प्लेपोर्ट आली. लॅपटॉप पातळ होत गेले तशी तोंडेही बारीक होत गेली. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, डेल, लेनोव्हो, सॅमसंग अशा मोठ्या कंपन्यांनी जाहीर केले की २०१५ पर्यंत व्हीजीए सोडून देऊ. लॅपटॉपवरून ती हळूहळू गेलीही. परंतु कचेरीच्या छताला टांगलेला प्रोजेक्टर कंपनीच्या जाहीरनाम्याने खाली येत नाही. तो नवा घ्यायचा म्हणजे निविदा आली. म्हणून पाहुण्याच्या हाती आजचे तोंड आणि यजमानाच्या भिंतीत १९८७ ची तार, अशी गाठ पडते.

मग २०१४ साली टाइप-सी नावाचे तोंड निघाले. उलटे-सुलटे कसेही घाला, बसते, चोवीस टोके, वीज, मजकूर, चित्र सगळे एकातून. वाटले, तह झाला. इथेच खरी फसगत आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तोंड सारखे म्हणजे आतला व्यवहार सारखा असे नव्हे. काही लॅपटॉपांच्या टाइप-सी तोंडातून चित्र बाहेर पडते, काहींच्यातून पडत नाही. काही तारा चित्र नेतात, काही केवळ वीज. मोबाइलच्या डब्यातून आलेली तार भिंतीवरच्या पडद्याला लावून अर्धा तास घालवलेले सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. ल्युमिएर आणि एडिसन यांच्या भोकांत निदान डोळ्यांना फरक दिसत होता! इथे दोन्ही भोके एकच, आणि एकातून कापूस जातो, दुसऱ्यातून जात नाही. वाद मिटवण्याच्या नादात आपण वाद दिसेनासा करून ठेवला, असे मला वाटते.

“तारच नको” असेही एक मत आहे. बिनतारी चित्र पाठवण्याची मिराकास्ट ही रीत २०१२ पासून आहे. घरी ती बरी. कचेरीत तिला नियम आडवे येतात, आणि नियम अगदीच खोटे नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणांना १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या अखेरीस उपग्रहाच्या जाळ्याने जोडले. त्या जाळ्यात गावोगावचे दप्तर आहे. त्यात वाटसरूला शिरू द्यायचे कसे? पेन-ड्राइव्हवर फाइल देऊन साहेबांच्या संगणकावर उघडावी म्हटले तर तिथेही हात आखडतो. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट नावाच्या रोगाने इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रे बिघडवली. तो अशाच हातातल्या काडीवरून पसरणारा होता. तेव्हापासून परक्याची काडी म्हणजे परक्याच्या विहिरीचे पाणी. या हिशेबाने पाहिले तर जुनी तारच सभ्य. ती पाहुण्याचे चित्र तेवढे आत घेते. पाहुण्याला माजघरात येऊ देत नाही.

* * *

आता आमच्या सात मिनिटांकडे वळू.

भिंतीवरचा मोठा पडदा मुका का होता, याचे उत्तर अखेरीस फारच साधे निघाले. त्याच्या पाठीमागे चित्र घेणारी तोंडे तीन. पुतण्याने तार लावली दुसऱ्यात. पडदा कान देऊन बसला होता पहिल्याकडे, कारण सकाळी मुंबईहून दृक्-श्राव्य बैठक झाली होती. कान वळवायचा तर हातातला रिमोट हवा. रिमोट कपाटात. कपाटाची किल्ली ज्या लेखनिकाजवळ ते रजेवर. पडद्याच्या कडेला गुंड्या असतात म्हणतात. त्या भिंतीच्या इतक्या जवळ होत्या की बोट जाईना. चार हातांचा पडदा आणि वीतभर रिमोट! १८९२ साली पटवर्धन सगळा सरंजाम बरोबर का नेत, हे मला त्या क्षणी पुरते कळले.

साहेब म्हणाले, “लॅपटॉपच इकडे फिरवा, आम्ही जवळ येतो.” पण टेबलाभोवती अकरा माणसे. अकरा माणसांना चौदा इंची चित्रात बुजलेला पाट दिसणे नाही.

दाराशी उभा असलेला शिपाई इतका वेळ पाहत होता. वयाने पन्नाशीचा. तो पुढे आला. “थांबा जी गुरुजी. वरतं जुनं मशीन हाये ना, ते कायले ठेवलं मग?” त्याने बोट दाखवले तिथे छताला जुना प्रोजेक्टर धूळ खात होता, आणि खिडकीजवळच्या भिंतीतून त्याची निळ्या तोंडाची व्हीजीए तार बाहेर लोंबत होती. पुतण्याच्या हमालाला सुदैवाने दोन तोंडे होती, एक नवे, एक हे जुने. शिपायाने भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले. चुन्याच्या भिंतीवर उजेड पडला.

चित्र आले ते पिवळे. कापडी नकाशा हळदीत बुडवल्यासारखा दिसत होता आणि पुतण्याने निळ्या रंगात दाखवलेले तळे काळेकुट्ट. एक सभासद म्हणाले, “एवढा गाळ साचलाय?” मंडळी हसली. पुतण्याचा चेहरा मात्र उतरला, कारण पाटाची रेघही त्याने निळीच काढली होती. ती काळ्या मातीत कुठे नाहीशी झाली ते कळेना.

“ह्याची एक काडी वाकली हाये,” शिपाई तार उपसून उजेडात धरीत म्हणाला. “मले पाहू द्या.” आणि त्याने फायलींच्या टाचण्यांतली एक टाचणी घेऊन वरच्या ओळीतली तिसरी काडी, नेमकी निळ्याची, हळूच सरळ केली. लहान मुलाच्या पायातला काटा काढावा तशी. तार पुन्हा लावली. भिंतीवरचे चित्र पांढरे झाले, तळे निळे झाले, आणि टेकडीच्या पायथ्यापासून वळसा घेत येणारी बारीक निळी रेघ, मधे दीडशे पावले तुटलेली, अकरा माणसांना एकदम दिसली.

चार मिनिटे उरली होती. पुतण्या फार बोललाच नाही. मी मात्र न राहवून पिशवीतला मूळचा कापडी नकाशा टेबलावर पसरला. साहेब खुर्चीतून उठून एकदा भिंतीकडे आणि एकदा कापडाकडे पाहत होते. त्यांनी विचारले, हा पाट आज कोणाच्या शेतात येतो. मी म्हणालो, दोघांच्या. त्यांतला एक मी. “मग तुमची हरकत?” “लिहून देतो,” मी म्हणालो. दुसऱ्याचे नाव घेतले नाही. त्याच्याशी बोलणी अजून व्हायची होती, आणि ती भिंतीवर चित्र पाडून होणारी नव्हती.

गाळाचे काम यादीत बसले. पाटाचे बसले नाही. जागेची पाहणी झाल्यावर पाहू, असा शेरा पडला. पाहणी ज्येष्ठात झाली. पाऊस त्याआधी आला नाही, हे आमचे नशीब.

निघताना मी वळून पाहिले. शिपाई तारेची गुंडाळी करीत होता. त्याने ती कॅलेंडरच्याच खिळ्याला अडकवली, वर कॅलेंडर टांगले, आणि फायलीची कोरी चिठ्ठी तारेला बांधून तिच्यावर पेनाने लिहिले: ‘चालू आहे. काढू नये.’

पुतण्या मोटारीत बसल्यावर म्हणाला, “काका, पुढल्या वेळी मी तार, रिमोट, प्रोजेक्टर सगळं घेऊनच येईन.” मी म्हटले, “आण. आणि टाचणी पण आण.”